जजवर लक्ष कोण ठेवतं, आणि ते ऑफिस कुणाच्या हाताखाली येतं? मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

वकिली करता करता लोकांच्या शंका येतच राहतात, कुणी व्हॉट्सअॅपवर टाकतं, कुणी कोर्टाच्या कँटीनमध्ये गाठून विचारतं. मागच्या वर्षभरात सगळ्यात जास्त प्रश्न याच एका विषयावर आले, म्हणून जसे आले तसे लिहून काढले. नावं-गावं काढलीत. एका उत्तरात आलेलं परत लिहिलं नाही, तिथं फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. जजवर पण कुणाचं लक्ष असतं का हो? का ते म्हणतील तीच पूर्व दिशा?

असतं. तालुका आणि जिल्हा कोर्टातल्या न्यायाधीशांवर हायकोर्टाचं नियंत्रण असतं, संविधानाचं कलम २३५. रजा, बदली, बढती, वर्षाचा गोपनीय अहवाल, आणि तक्रार आली तर चौकशी, हे सगळं हायकोर्ट बघतं. जिल्ह्यात रोजची देखरेख प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांची. त्यांच्या वर हायकोर्टाचे एक न्यायमूर्ती त्या जिल्ह्याचे पालक न्यायमूर्ती म्हणून असतात. व्हिजिलन्सचं, म्हणजे जजच्या वागणुकीच्या तक्रारी तपासायचं काम बघणारे अधिकारी पण न्यायखात्यातलेच, म्हणजे स्वतः जिल्हा न्यायाधीश राहिलेले. हायकोर्टाच्या जजचं वेगळं आहे, त्यासाठी प्र. १२.

२. हे व्हिजिलन्स मंत्रालयात बसतं का? विधी व न्याय खात्याकडं अर्ज टाकला तर चालेल ना?

मंत्रालयात नाही, हायकोर्टातच. हा गोंधळ इतका सर्रास आहे की माझ्या घरात पण झाला. माझ्या चुलत्यांची वाटणीची केस होती, तारखा पडायल्या, साक्षच होईना, तर त्यांनी कुणाला न विचारता लोकशाही दिनात अर्ज दिला, तिथून काही झालं नाही म्हणून मुंबईला एका सरकारी ऑफिसात पाठवला. आठ महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही". अखत्यारीत कुणाच्या येते ते मात्र त्या कागदावर नव्हतं. आठ महिने गेले ते गेलेच, आणि मला त्याचा अजून राग येतो, कारण एक ओळ जास्त लिहायला काय लागलं असतं.

तर कलेक्टर, पालकमंत्री, आपले सरकार, मुख्यमंत्र्यांचं ऑफिस, यातल्या कुणालाच न्यायाधीशाची चौकशी करता येत नाही. अर्ज योग्य ठिकाणी कसा द्यायचा ते प्र. ७ मध्ये आहे.

३. आमच्याकडचे एक पुढारी म्हणतात, जजची बदली करून देतो, थोडा खर्च येईल. खरंच होतं का असं?

पैसे देऊ नका. आमदार असो, खासदार असो का मंत्री, तालुक्याच्या जजची बदली करायचा अधिकार त्यांच्याकडं नाही. ती हायकोर्ट करतं. सर्वसाधारण बदल्या दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आगेमागे निघतात आणि एका ठिकाणची मुदत साधारण ठरलेली असते, त्यामुळं जज तसेही जाणारच असतात. अशा लोकांचा धंदा त्याच्यावरच चालतो. ऑर्डर निघाली की "बघा, केली का नाही", नाही निघाली की "वरून अडकलंय".

तलाठ्याची, ग्रामसेवकाची, फौजदाराची बदली पुढाऱ्याच्या शब्दावर होताना आपण लहानपणापासून बघतो, म्हणून जजची पण होत असेल असं वाटतं. पण कलम ५० सांगतं की न्यायखातं आणि कारभार करणारं सरकार वेगळं ठेवा, आणि २३५ नं ते खालच्या कोर्टापर्यंत उतरवलं. उद्या तुमचीच केस त्या पुढाऱ्याच्या साखर कारखान्याविरुद्ध असली आणि जजची बदली त्याच्या हातात असली तर काय होईल, याचा विचार करून बघा.

४. पण पगार तर सरकारच देतं ना? मग स्वतंत्र कसं म्हणायचं?

प्रश्न बरोबर आहे, उत्तर अर्धं-अर्धं आहे.

हायकोर्टाच्या न्यायमूर्तींचे पगार राज्याच्या एकत्रित निधीवर 'भारित' असतात (कलम २०२), आणि हायकोर्टाच्या ऑफिसचा, स्टाफचा खर्च पण तसाच (कलम २२९). भारित म्हणजे विधानसभेत त्याच्यावर चर्चा होऊ शकते पण मतदान होत नाही, म्हणजे एखाद्या निकालाचा राग धरून कुणी तो पैसा कापू शकत नाही. व्हिजिलन्स हायकोर्टाच्या आत असल्यानं त्यालाही हे कवच मिळतं.

खालच्या कोर्टांना मात्र तेवढं नाही. नवीन कोर्ट, स्टाफच्या जागा, इमारत, क्वार्टर, याला शासनाची मंजुरी लागते आणि बांधकाम सार्वजनिक बांधकाम खातं करतं. प्रस्ताव हायकोर्टाचा, फाईल मंत्रालयात. माझं मत विचाराल तर दबाव यायचाच असला तर या फाईलच्या वाटेनं येऊ शकतो, पगाराच्या वाटेनं नाही. १९९३ मध्ये अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं होतं की न्यायाधीश म्हणजे इतर सरकारी नोकरांसारखे नोकर नव्हेत, आणि त्यांच्या सेवाशर्ती त्या तागडीत तोलू नका.

५. हायकोर्टानंच सरकारच्या व्हिजिलन्सला चौकशी करायला सांगितलं तर? तेवढं तर निष्पक्ष होईल.

हे एकदा झालंय. पंजाबमध्ये खालच्या कोर्टातल्या एका न्यायाधीशाची चौकशी हायकोर्टानं राज्य सरकारच्या दक्षता विभागाकडं सोपवली होती. ते शमशेर सिंग प्रकरण १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींपुढं आलं, आणि कोर्टानं हायकोर्टाचीच कानउघाडणी केली. हे न्यायाधीश तुमच्या नुसत्या नियंत्रणात नाहीत, तुमच्या सांभाळात पण आहेत, चौकशी जिल्हा न्यायाधीशांमार्फत करायला पाहिजे होती, असं सांगितलं.

मला हा 'सांभाळ' महत्त्वाचा वाटतो. जो जज सरकारविरुद्ध भूसंपादनाचा मावेजा वाढवून देतो त्याची चौकशी सरकारच्याच अधिकाऱ्यानं केली तर पुढच्या जजला ते दिसतंय ना. मराठवाड्यात धरणं, कालवे, हायवे, यात जमिनी गेलेल्यांच्या केसेस कोर्टाकोर्टात पडून आहेत, आणि त्या प्रत्येक केसमध्ये समोरची पार्टी सरकार आहे.

६. मग बडतर्फीच्या ऑर्डरवर राज्यपालांचं नाव कसं असतं? शेवटी सरकारच काढतं ना?

नेमणूक राज्यपालांच्या नावानं होते (कलम २३३, २३४), म्हणून काढून टाकायची ऑर्डर पण त्यांच्याच नावानं निघते. पण चौकशी करायची का, दोषी आहे का, शिक्षा काय, हे हायकोर्ट ठरवतं आणि ती शिफारस राज्यपालांवर बंधनकारक असते. १९६६ च्या बागची केसमध्ये ठरलं की 'नियंत्रण' या शब्दात शिस्तीची कारवाई पण येते, आणि १९७६ मध्ये बलदेव राज गुलियानी केसमध्ये ठरलं की राज्यपाल त्या शिफारशीच्या बाहेर जाऊ शकत नाहीत. मंत्रिमंडळाला मध्ये हात घालायला जागा ठेवलेली नाही.

७. तक्रार औरंगाबाद खंडपीठात द्यायची का मुंबईला पाठवायची?

पत्त्यावर लिहा, मा. रजिस्ट्रार जनरल, उच्च न्यायालय, मुंबई. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा. प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडं दिली तरी चालते, ते वर पाठवतात.

लोक म्हणतात, खंडपीठ इथं असून मुंबईला कशाला. खंडपीठ म्हणजे न्यायनिवाड्यासाठी आपल्या दारात आलेलं हायकोर्ट, पण हायकोर्ट एकच आहे, मुख्य न्यायमूर्ती एकच, आणि प्रशासनाची मुख्य बैठक मुंबईत. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी आपण हैदराबाद हायकोर्टाखाली होतो, राज्य पुनर्रचनेत मुंबईला जोडले गेलो, आणि पुढं पंचवीस वर्षं नांदेड-लातूरच्या माणसाला अपिलासाठी मुंबईच गाठावी लागायची. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला कामकाज सुरू झालं, तेही राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशानं. त्याला आव्हान दिलं गेलं, पण १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टानं मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार मान्य केला, आणि १९८४ मध्ये खंडपीठ कायम झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच आलं ते याच कलमाखाली.

तक्रारीत काय पाहिजे तर तारीख, केस नंबर, नेमकं काय घडलं, कागद असतील ते, आणि सोबत शपथपत्र. निनावी अर्ज सहसा फायलीतच संपतो. "साहेब भ्रष्ट आहेत, सगळ्या गावाला माहीत आहे" असं लिहून काही होत नाही.

८. निकाल साफ चुकीचा लागलाय. जजची तक्रार करू का?

नाही, अपील करा. निकाल चुकला हे वरचं कोर्ट ठरवतं, आणि अपिलाची मुदत तक्रार करत बसलं म्हणून थांबत नाही. कितीतरी लोकांची मुदत अशीच गेलेली मी बघितली. तक्रार वागणुकीची असते, म्हणजे पैसे मागितले, पार्टीशी घरोबा ठेवला, कोर्टात जातीवरून बोलले, निकाल राखून महिनोन्महिने दिलाच नाही. दोन्ही असेल तर दोन्ही करा, पण वेगवेगळ्या कागदांवर.

आणि सारखी देखरेख म्हणजे जजला निकालाच्या भीतीत ठेवणं पण नव्हे. जामीन दिला म्हणून चौकशी लागली असती तर कुठल्याच जजनं जामीन दिला नसता.

९. तक्रार केली आणि कंटेम्प्ट लागला तर?

खालच्या कोर्टाच्या पीठासीन अधिकाऱ्याबद्दल तुम्ही चांगल्या हेतूनं हायकोर्टाकडं किंवा वरच्या कोर्टाकडं काही लिहिलं तर तो अवमान होत नाही, कंटेम्प्ट कायदा १९७१ चं कलम ६. हे संरक्षण त्या अर्जालाच आहे. तोच मजकूर फेसबुकवर, गावाच्या ग्रुपवर टाकला तर हे कलम तुमच्या मदतीला येणार नाही.

१०. तहसीलदारानं रस्त्याच्या केसमध्ये उघड पक्षपात केला. हायकोर्टाच्या व्हिजिलन्सला लिहिलंय, उत्तर येईना गेलंय.

येणार नाही, कारण तहसीलदाराच्या दारावर 'न्यायालय' लिहिलेलं असलं तरी ते कलम २३५ मधलं कोर्ट नव्हे. मामलतदार कोर्ट कायदा १९०६ खाली किंवा महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली तो रस्त्याचा निकाल देतो, तारखा देतो, साक्षी घेतो, पण नोकरी महसूल खात्याची. त्याच्यावर एसडीओ (उपविभागीय अधिकारी), कलेक्टर, विभागीय आयुक्त. एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) म्हणून बसणाऱ्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचं पण तेच.

खरं सांगायचं तर शेतकऱ्याचा रोजचा संबंध याच 'कोर्टां'शी येतो, आणि प्र. ३ मध्ये सांगितलेलं संरक्षण नेमकं इथं नाही. बांधाचा, रस्त्याचा, फेरफाराचा निकाल देणाऱ्या माणसाची बदली सरकारच करतं. माझ्या मते या देखरेखीतलं सगळ्यात मोठं भगदाड हेच आहे, आणि याच्यावर कुणी बोलत नाही. वागणुकीची तक्रार कलेक्टरकडं, लाचेची एसीबीकडं, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडं (फोन १०६४), आणि निकालाविरुद्ध वर दाद.

११. लेबर कोर्ट, ग्राहक मंच, मॅट, हे कुणाच्या खाली येतात?

लेबर कोर्टाचं ऐकून लोकांना नवल वाटतं. नाव कामगार खात्यासारखं, पण १९९८ मध्ये महाराष्ट्रातल्याच केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवलं की लेबर कोर्टाचे न्यायाधीश राज्याच्या न्यायिक सेवेतले आहेत, म्हणजे नियंत्रण हायकोर्टाचं.

ग्राहक आयोग मात्र अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण खात्याकडं. मॅट म्हणजे सरकारी नोकरांचं न्यायाधिकरण, औरंगाबादला त्याचं खंडपीठ आहे, आणि तिथं समोरची पार्टी जवळजवळ कायम सरकारच. अशी ट्रायब्युनल्स ज्या खात्याविरुद्ध निकाल देतात त्याच खात्याच्या ताब्यात ठेवायची हे बरोबर नाही हे १९९७ मध्येच एल. चंद्र कुमार निकालात आलं. तोपर्यंत प्रत्येक ट्रायब्युनल आपापल्या खात्याखाली होतं, कोर्ट म्हणालं, पूर्ण स्वतंत्र यंत्रणा उभी राहीपर्यंत निदान एका छत्राखाली आणा, शक्यतो कायदा मंत्रालयाच्या. २०२० मध्ये परत सांगितलं, राष्ट्रीय ट्रायब्युनल आयोग करा. मधे तेवीस वर्षं गेली.

१२. हायकोर्टाच्या जजबद्दल तक्रार असेल तर?

त्यांच्यावर कलम २३५ लागत नाही, आणि कुठलं हायकोर्ट सुप्रीम कोर्टाच्या प्रशासकीय हाताखाली पण नाही. दोन वाटा आहेत.

एक संसदेची. लोकसभेचे १०० किंवा राज्यसभेचे ५० सदस्य प्रस्ताव देतात, तो दाखल झाला तर १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्याखाली तीन जणांची समिती, आणि मग दोन्ही सभागृहांत खास बहुमत. १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामींना न्या. पी. बी. सावंतांच्या समितीनं दोषी धरलं होतं, पण लोकसभेत बाजूनं १९६ मतं पडली, विरोधात एक पण नाही, बाकीचे तटस्थ बसले आणि प्रस्ताव पडला. २०११ मध्ये न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेनं प्रस्ताव मंजूर केला, लोकसभेत यायच्या आधी त्यांनी राजीनामा दिला.

दुसरी 'इन-हाऊस', म्हणजे न्यायखात्याच्या आतल्या आत होणारी चौकशी. तिची सुरुवात आपल्याच मुंबई हायकोर्टाच्या एका प्रकरणातून झाली, १९९५ चा रविचंद्रन अय्यर निकाल, आणि १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती पद्धत स्वीकारली. तक्रारीत दम असला तर सरन्यायाधीश दोन हायकोर्टांचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक हायकोर्ट न्यायमूर्ती अशी समिती नेमतात. दोष दिसला तर राजीनामा द्यायला सांगतात, काम काढून घेतात, आणि ऐकलं नाही तर राष्ट्रपती-पंतप्रधानांना कळवतात. न्या. यशवंत वर्मा यांच्या घरी मार्च २०२५ मध्ये सापडलेल्या नोटांचं प्रकरण असंच इन-हाऊस समितीतून गेलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभा अध्यक्षांनी १९६८ च्या कायद्याखाली समिती नेमली.

१३. लोकायुक्त, लोकपाल यांच्याकडं गेलं तर?

महाराष्ट्राच्या १९७१ च्या लोकायुक्त कायद्यातून न्यायाधीश बाहेर ठेवलेत. लोकपालानं जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं की हायकोर्टाचे जज आपल्या कक्षेत येतात, पण सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेऊन २० फेब्रुवारी २०२५ ला त्याला स्थगिती दिली. शिवाय १९९१ च्या वीरास्वामी निकालानं हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टाच्या जजवर सरन्यायाधीशांना विचारल्याशिवाय गुन्हा नोंदवता येत नाही.

१४. जजच जजची चौकशी करणार, म्हणजे सांभाळून घेणारच ना? बाहेरची कमिटी का नको?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय, आणि विचारणाऱ्यांचं चुकत नाही.

बाहेरच्या कमिटीचा प्रयत्न झालाय. २०१० च्या न्यायिक मानके व उत्तरदायित्व विधेयकात राष्ट्रीय न्यायिक देखरेख समिती होती, निवृत्त सरन्यायाधीश अध्यक्ष, एक सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती, एका हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती, अॅटर्नी जनरल, आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक मान्यवर व्यक्ती. लोकसभेत २०१२ मध्ये पास झालं, राज्यसभेत अडकलं, २०१४ मध्ये लोकसभेसोबत संपलं. त्यात अडचण कुठं तर अॅटर्नी जनरल सरकारचा वकील असतो, रोज त्याच जजसमोर उभा राहतो, आणि तोच त्यांच्यावर देखरेख ठेवणार. मान्यवर व्यक्ती पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं येणार. नेमणुकांच्या बाबतीत पण २०१५ मध्ये एनजेएसी (राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग) चार विरुद्ध एक अशा बहुमतानं रद्द झालं, त्यात कायदामंत्री सदस्य असणं हा मोठा मुद्दा होता.

इंग्लंडमध्ये तक्रारी बघणारं वेगळं ऑफिस आहे, अंतिम निर्णय लॉर्ड चीफ जस्टिस आणि लॉर्ड चॅन्सेलर दोघं मिळून घेतात, आणि शिक्षा झाली तर कोणत्या जजला, कशासाठी, हे जाहीर होतं. कॅलिफोर्नियात १९६० पासून कायमचा आयोग आहे, आता त्यात सामान्य नागरिकांची संख्या वकील-जजपेक्षा जास्त आहे.

माझं मत असं की ही यंत्रणा मंत्रालयात कधीच जाऊ नये, संसदेत गेली तर रामस्वामींसारखं पक्षाच्या सोयीनं होतं, म्हणून ती कोर्टातच राहावी. पण आत राहणं आणि झाकून ठेवणं वेगळं. वर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं प्राथमिक अहवाल आणि जळालेल्या नोटांचा व्हिडिओ स्वतःच लोकांपुढं ठेवला, तेव्हा कोर्टाचं स्वातंत्र्य काही कमी झालं नाही, उलट लोक म्हणाले, काहीतरी होतंय. परळीच्या, उमरग्याच्या माणसाला पण त्याच्या तक्रारीचं तेवढंच पाहिजे असतं, मिळाली का, बघितली का, काय ठरलं.

१५. मग माझ्या तक्रारीचं काय झालं ते आरटीआयमध्ये मिळेल का?

थोडंफार. हायकोर्ट माहिती अधिकारात येतं, आणि १३ नोव्हेंबर २०१९ च्या निकालानंतर सरन्यायाधीशांचं ऑफिस पण येतं. पण २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालानं कर्मचाऱ्याच्या शिस्तभंग कारवाईचे कागद वैयक्तिक माहिती ठरवलेत, त्यामुळं चौकशी अहवाल मागितला की नकार येतो. अहवाल मागूच नका. विचारा, माझा अमुक तारखेचा अर्ज आवक नंबर कितीला नोंदला, आज कुठल्या टप्प्यावर आहे, निकाली काढला असेल तर कधी. याला नकार देणं अवघड जातं.

१६. पैसे जजनं नाही, कोर्टातल्या बाबूनं मागितले. किंवा आपल्याच वकिलानं "साहेबांना द्यायचेत" म्हणून घेतले.

बेलीफ, क्लार्क, शिपाई असेल तर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडं तक्रार, आणि एसीबीचा सापळा पण लावता येतो. वकील असेल तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. साहेबांच्या नावावर घेतलेले पैसे साहेबांपर्यंत जातच नाहीत अशी कितीतरी प्रकरणं असतात, म्हणून जजचं नाव अर्जात लिहायच्या आधी पैसे कुणाच्या हातात दिले ते नीट आठवून लिहा.

१७. ते जज आता रिटायर झालेत. तक्रार करून उपयोग आहे का?

घाई करावी लागेल. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाविरुद्ध निवृत्तीनंतर विभागीय चौकशी सुरू करायची तर महाराष्ट्राच्या पेन्शन नियम २७ प्रमाणं घटना चार वर्षांच्या आतली पाहिजे, आणि पेन्शन कापायची तरतूद त्यातच आहे. चौकशी नोकरीत असतानाच सुरू झाली असेल तर ती पुढं चालू राहते. चार वर्षं उलटून गेली असतील तर विभागीय वाट बंद, लाचेचा पुरावा असेल तर फौजदारी वाट उरते. हायकोर्टाच्या जजनं राजीनामा दिला किंवा निवृत्त झाले तर त्यांना पदावरून काढायचा प्रश्नच उरत नाही, प्र. १२ मधलं सेन यांचं प्रकरण तिथंच थांबलं.